मेसचं कंत्राट आणि न्याय्य अन्नाचं चित्र : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निवासी शिक्षणसंस्थेतलं आहे. संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वसतिगृहातल्या सगळ्यांसाठी एकच मोठी मेस. ती चालवायला बाहेरचा कंत्राटदार आणि त्याच्या हाताखाली आचारी, वाढपी, भाज्या निवडणारे मदतनीस, भांडी घासणाऱ्या बायका. काही वर्षांनी निविदा निघते आणि ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम मिळतं. मोठ्या स्वयंपाकघरांची मांडणी अनेक ठिकाणी अशीच असते, त्यामुळे इथे जे घडलं ते इतरांनाही उपयोगी पडेल असं मला वाटतं.

संस्थेतल्या एका विद्यार्थी गटाने ‘न्याय्य आणि टिकाऊ अन्नव्यवस्था कशी असेल?’ हा विषय हाती घेतला. गटात शेतीशास्त्र, अर्थशास्त्र, वास्तुरचना आणि संगणक शिकणारी मुलंमुली होती. प्रशासनाने पाठिंबा दिला, पण त्यांच्या डोक्यात होतं ते एक प्रदर्शन: रंगीत फलक, उद्घाटन, पाहुण्यांसोबत फोटो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी खऱ्या सहभागात धरल्याच नाहीत. हे प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं असतं, तर ते दुसऱ्या पायरीवरच थांबलं असतं.

मी या गटाच्या बैठकांना निरीक्षक म्हणून बसत होते. निर्णय त्यांचे होते.

पहिली चित्रं

पहिल्या बैठकांमध्ये कल्पना भरभरून आल्या. काचेच्या इमारतींमधली मजल्यांवरची शेती, प्रयोगशाळेतली प्रथिनं, उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेणारं ॲप. आकडेवारीही गोळा झाली आणि ती बरोबर होती. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतात. नद्या, धरणं आणि भूगर्भातून माणूस जे गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात दुकानं, खानपानसेवा आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग झाला. आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी माणसं उपाशी होती.

चित्रांमध्ये मात्र माणसं नव्हती. शेतीच्या घरातून आलेली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने एका फलकाकडे बोट दाखवून विचारलं, “यात माल उतरवतंय कोण? आणि त्याला पैसे कधी मिळतात?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. तिच्या घरचा माल अडत्याकडे जायचा आणि पैसे कधी हातात पडतील, यावर घरातले बाकीचे सगळे बेत ठरायचे. अन्नव्यवस्था न्याय्य आहे की नाही, हे तिला त्या तारखेवरून कळत होतं.

पहिला निर्णय इथे झाला. २०५० सालच्या जगाचं चित्र काढत राहायचं, की आपल्याच मेसचं दहा वर्षांनंतरचं चित्र काढायचं? पहिल्या पर्यायात मोकळेपणा जास्त होता. दुसऱ्यात, चित्रातल्या प्रत्येक गोष्टीसाठी आज कोणाला तरी काहीतरी करावं लागणार होतं. गटाने दुसरा निवडला आणि उलट्या पावलांनी चालायची पद्धत घेतली: हवं ते भविष्य आधी ठरवायचं, मग त्यासाठी आदल्या वर्षी काय झालेलं असायला हवं, त्याच्या आदल्या वर्षी काय, असं करत आजपर्यंत यायचं. याला बॅककास्टिंग म्हणतात. जॉन रॉबिन्सन यांनी १९८२ मध्ये ऊर्जाधोरणाच्या संदर्भात हा शब्द पुढे आणला. मुलांनी मागे मागे येत प्रत्येक धागा ओढून पाहिला, तेव्हा बहुतेक धागे एकाच कागदाला बांधलेले निघाले. तो कागद म्हणजे मेसचं कंत्राट, आणि ते पुढच्या वर्षी नव्याने निघणार होतं.

समस्या

आधी किती अन्न वाया जातं ते मोजायचं ठरलं. भटारखान्याच्या मागच्या दाराशी वजनकाटा ठेवला. तक्त्यात तीन रकाने होते: ताटातलं उष्टं, पातेल्यात उरलेलं आणि स्वयंपाकाआधीच फेकलेलं, म्हणजे सालं, देठ, सडका माल. सगळ्यांना वाटत होतं की मुलं ताटात टाकतात तेच जास्त असणार. भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ अशा पाट्या त्याच समजुतीतून लागलेल्या होत्या. तक्त्यातून दिसलं ते वेगळंच. सगळ्यात मोठा भाग पातेल्यात उरणाऱ्या, कोणी हातही न लावलेल्या अन्नाचा होता. त्यातही परीक्षेनंतरच्या आणि सुट्टीच्या आदल्या रात्री तो फार वाढायचा.

कारण कंत्राटात सापडलं. जेवण कमी पडलं तर कंत्राटदाराला दंड होता, जास्त उरलं तर काहीच नव्हतं. पैसे हजेरीवर नव्हे, नोंदलेल्या डोक्यांवर मिळत होते. किती जण जेवायला येणार हे आचाऱ्याला कोणी सांगतच नव्हतं. अशा वेळी शहाणा आचारी काय करेल? जे स्वस्तात होतं आणि पोट भरतं, ते भरपूर शिजवून ठेवेल. मुख्य आचारी काकांनी मुलांना हेच सांगितलं: “कमी पडलं की शिव्या आम्हाला. उरलं तर कोण विचारतंय?” पाट्या लावणाऱ्यांनी हा प्रश्न त्यांना कधीच विचारला नव्हता.

मग एका रात्री या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग घडला. भांडी घासणाऱ्या मावशी कामं आटोपून निघाल्या होत्या, हातात झाकणाचा डबा होता. काट्यापाशी बसलेल्या दोघांना पाहून त्या थबकल्या. “हेपण वजनात धरता का रे बाळांनो?” डब्यात पातेल्यातलं उरलेलं अन्न होतं, घरी नेण्यासाठी. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. त्या रात्रीच्या ओळीत त्यांनी जागा कोरी सोडली आणि बाजूला फक्त ‘मावशी, डबा’ असं लिहिलं.

पुढच्या बैठकीत त्या कोऱ्या जागेवर खूप वेळ चर्चा झाली. चौकशी केल्यावर कळलं की कामगारांच्या जेवणाबद्दल कंत्राटात अवाक्षर नाही. ते उरलेलं खातात आणि उरलेलं घरी नेतात. पगार ठरवताना कंत्राटदार हे मनात धरतो, पण कागदावर कुठे येत नाही. म्हणजे उरणारं अन्न शून्यावर आणण्याचा जो बेत मुलांनी आखला होता, तो पूर्णपणे यशस्वी झाला असता तर सगळ्यात आधी या बायकांच्या घरातलं रात्रीचं जेवण गेलं असतं.

टिकाऊपणा आणि न्याय आपोआप एकाच दिशेने जातात असं गृहीत धरून कितीतरी योजना आखल्या जातात. इथे ते दोन्ही एकमेकांसमोर उभे ठाकले होते. जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या तज्ज्ञ मंडळाने २०२० च्या अहवालात अन्नसुरक्षेच्या चार जुन्या पैलूंना, म्हणजे उपलब्धता, मिळवण्याची ऐपत, अन्नाचा अंगी लागणारा उपयोग आणि सातत्य यांना, आणखी दोन जोडायला सुचवलं: टिकाऊपणा, आणि आपल्या अन्नाबद्दल स्वतः ठरवण्याची ताकद. मावशींच्या डब्यात अन्न होतं, ती ताकद नव्हती. आज किती उरेल यावर घरी काय न्यायचं हे ठरत होतं.

तोललेले पर्याय

ताटात टाकणाऱ्यांना दंड, हा पर्याय प्रशासनाला आवडला होता. अंमलात आणायला सोपा, आणि पैसाही जमा होतो. गटाने तो नाकारला. मूळ कारण ताटात नव्हतंच. शिवाय दंडाची झळ पैसेवाल्या मुलांना लागत नाही, ज्यांना लागते ती मुलं भूक असूनही कमी वाढून घेतात. त्यापेक्षा एकदम जास्त वाढण्याऐवजी लहान पळीने, मागेल तितक्या वेळा वाढायचं हे सगळ्यांनाच पटलं, आणि ते लगेच सुरूही झालं.

उरलेलं अन्न बाहेरच्या एखाद्या संस्थेला द्यायचं, यावर बरेच दिवस वाद झाला. भुकेल्याला अन्न मिळावं यात चूक काय, असं निम्म्या गटाचं म्हणणं होतं. दोन गोष्टींनी हे मत बदललं. शिजवलेलं अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे सुरक्षित अन्नाचे नियम सांगतात. रात्री उशिरा उरलेलं अन्न गरम ठेवून वेळेत पोचवायला गाडी, भांडी आणि जबाबदार माणूस लागतो, ते कोणाकडेच नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांनी ते अन्न शिजवलं, त्यांनाच ते हक्काने मिळत नसताना ते दूरच्या कोणाला तरी दान करून फोटो काढायचे, हे गटातल्या बहुतेकांना बोचलं.

तिसरा पर्याय, मोजणी थांबवून सगळं आहे तसं चालू द्यायचं. मावशींचा डबा वाचला असता, पण शिजवलेलं अन्न रोज फेकलं गेलं असतं आणि उद्या एखादा काटेकोर व्यवस्थापक आला की डबाही बंद झाला असता.

चौथा पर्याय म्हणजे कंत्राटच बदलायला सांगायचं. तो सगळ्यात संथ होता आणि त्यात मुलांच्या हातात काहीच नव्हतं. निविदा काढणं प्रशासनाचं काम, विद्यार्थ्यांना त्यात बोलायची जागाच नाही. पण इतर ठिकाणची उदाहरणं शोधल्यावर त्यांना धीर आला. ब्राझीलच्या २००९ च्या कायद्याने शालेय भोजनासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडच्या खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ पासून सार्वजनिक अन्नखरेदी पाच कसोट्यांवर तोलली जाऊ लागली: पोषण, पर्यावरण, स्थानिक अर्थव्यवस्था, प्राण्यांचं कल्याण आणि कामगारांना मिळणारी वागणूक. टोरांटोमध्ये १९९१ मध्ये अन्नधोरण परिषद स्थापन झाली आणि २००९ मध्ये तिथे तरुणांची वेगळी परिषदही झाली. सगळीकडे कळीची जागा खरेदीच होती.

प्राणिजन्य पदार्थ कमी करण्याचा मुद्दा गटाने जाणूनबुजून बाजूला ठेवला. हवामानाच्या दृष्टीने तो मोठा मुद्दा आहे आणि गटातल्या दोघांना तो सोडणं जड गेलं. पण तो मांडला असता तर सगळी चर्चा कोणी काय खावं यावरच अडकली असती आणि कंत्राटाची वेळ निघून गेली असती. मला हा निर्णय योग्य वाटतो. तो मुद्दा पुढे कधी घ्यायचा याची तारीख न ठरवणं मात्र योग्य नव्हतं. त्या दोघांनी नंतर येणं कमी केलं.

केलेली कृती

निविदेच्या मसुद्यावर हरकती मागवण्याची एक औपचारिक पायरी असते. तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. गटाने तिथे चार कलमं दिली.

पहिलं: जेवणारे आदल्या संध्याकाळी हजेरी नोंदवतील आणि जेवणाच्या शेवटच्या अर्ध्या तासात एखादा पदार्थ संपला तर दंड लागणार नाही. दुसरं: प्रत्येक कामगाराला पाळीत ताजं जेवण आणि घरी न्यायला एक डबा, पगाराव्यतिरिक्त, कंत्राटात लिहून. तिसरं: भाजीपाल्याचा ३० टक्के भाग लहान शेतकऱ्यांच्या गटांकडून. चौथं: मेस समितीत विद्यार्थ्यांबरोबर कामगारांचा, त्यांनीच निवडलेला प्रतिनिधी.

ही कलमं लिहिताना कामगारांशी बोलणं झालं, आणि त्यात एक गोष्ट बदलली. मुलांनी दुसऱ्या कलमात आधी ‘उरलेल्या अन्नातून डबा’ असं लिहिलं होतं. मावशींनी आणि एका वाढप्याने ते खोडायला लावलं. उरलेल्यातून नको, शिजेल त्यातून आधी बाजूला काढलेला हवा, असं त्यांचं म्हणणं. कागदावर फरक एका शब्दाचा होता. पण डबा उरलेल्यातून असेल तर अन्न उरावं ही कामगाराची गरज बनते; आधीच काढून ठेवलेला असेल तर अन्न वाचवण्यात त्याचं नुकसान राहत नाही. मुलांच्या अनेक बैठकांत सुटलं नव्हतं ते इथे सुटलं.

प्रशासनाचा आक्षेप दराबद्दल होता: कलमं वाढली की निविदा महाग येणार. गटातल्या अर्थशास्त्राच्या मुलांनी मोजणीचे तक्ते पुढे ठेवले. जे अन्न रोज शिजवून फेकलं जातं त्याचं धान्य, तेल आणि इंधन कोणीतरी आधीच भरत आहे, आणि कामगारांच्या डब्याचा खर्च त्याच्या तुलनेत कमी आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. तक्ते नसते तर ही मागणी भावनेच्या खात्यात गेली असती.

निष्पत्ती

पहिली दोन कलमं मान्य झाली. चौथं अर्धं मान्य झालं: कामगार प्रतिनिधी आला, पण तो कंत्राटदाराने नेमलेला पर्यवेक्षक होता. वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर ती जागा निवडीने भरली जाऊ लागली. तिसऱ्या कलमात ३० टक्क्यांऐवजी बराच कमी हिस्सा मिळाला, तोही ‘शक्य असल्यास’ या शब्दांसह.

हजेरीची नोंद सुरू झाल्यावर पातेल्यात उरणारं अन्न ठळकपणे घटलं. सुरुवातीला मुलं नोंद करायला विसरायची आणि आचारी काकांचा तिच्यावर भरवसा नव्हता. ते सवयीने वाढीव टाकायचे. पहिल्या काही आठवड्यांत शेवटी आलेल्यांना एखादा पदार्थ मिळाला नाही म्हणून तक्रारीही झाल्या. दंडाची टांगती तलवार नसल्याने काका मात्र हळूहळू प्रमाण कमी करत गेले. कामगारांचे डबे जेवण सुरू व्हायच्या आधी भरून एका फळीवर ठेवले जाऊ लागले.

लहान शेतकऱ्यांकडून खरेदीचा प्रयत्न पहिल्या हंगामात फसला. माल चांगला होता, भावही बरा मिळाला. पण कंत्राटदार आपल्या इतर पुरवठादारांसारखेच त्यांचेही पैसे काही महिन्यांनी द्यायचा. मोठा व्यापारी तेवढं थांबू शकतो. ज्याला पुढच्या पेरणीचं बी आणि मजुरी रोख द्यायची असते, तो नाही. शेतकऱ्यांचा गट माल पाठवायचा थांबला आणि ‘शक्य असल्यास’ या शब्दांचा आधार घेऊन कंत्राटदार मोकळा झाला. पहिल्याच बैठकीत विचारलेला प्रश्न, पैसे कधी मिळतात, कलमात कुठेच नव्हता. नंतर संस्थेने त्या हिश्शाचे पैसे स्वतः पंधरवड्याने द्यायचे आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळते करायचे, अशी सोय झाली. तेव्हा पुरवठा पुन्हा सुरू झाला. प्रमाण अजून लहान आहे, पण टिकून आहे.

मूळ गटातली मुलं शिक्षण संपवून गेली तशी मोजणी बंद पडली. काटा आहे, तक्ता भरायला कोणी नाही. कलमं मात्र चालू आहेत, कारण ती कंत्राटात आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

कामगारांना पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं होतं. ते या प्रक्रियेत आले ते काट्यापाशी झालेल्या योगायोगाने. मावशी दुसऱ्या दाराने गेल्या असत्या, तर हा गट चांगल्या हेतूने त्यांचं जेवण हिरावून बसला असता आणि अहवालात ते यश म्हणून नोंदलं गेलं असतं. बोलवायचं म्हणजे त्यांच्या वेळेला, त्यांच्या पाळीचे पैसे न कापता. संध्याकाळी सहाची बैठक विद्यार्थ्यांना सोयीची असते, भटारखान्यासाठी ती सगळ्यात घाईची वेळ.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर तेवढंही झालं नाही. गटातल्या एका मुलीला ते जग आतून माहीत होतं आणि सगळ्यांनी तिलाच शेतकऱ्यांची प्रतिनिधी मानलं. तिने एकदा स्पष्ट सांगितलं होतं की ती फक्त आपल्या घरापुरतं बोलू शकते. शेतकऱ्यांच्या गटाशी कलम लिहिण्याआधी एक बैठक झाली असती, तर पैसे देण्याची मुदत पहिल्याच मसुद्यात आली असती आणि ‘शक्य असल्यास’ला जागा उरली नसती.

मोजणीचं काम विद्यार्थ्यांच्या उत्साहावर ठेवणं ही रचनेतली उणीव होती. विद्यार्थी जातात, आचारी राहतात. तक्ता भरण्याचं काम भटारखान्यातल्या एकाच्या कामाच्या यादीत, मोबदल्यासह, टाकता आलं असतं. आता पुढच्या निविदेचा मसुदा निघेल तेव्हा दराचा आक्षेप पुन्हा येईल, आणि समोर ठेवायला ताजे तक्ते नसतील. नव्या मुलांच्या एका छोट्या गटाने हे काम अंगावर घेतलं आहे. त्यांनी आधी मावशींना आणि आचारी काकांना बैठकीची वेळ विचारली. ती दुपारी, भांडी झाल्यावरची ठरली आहे.